अंगठ्याखालचा खिळा

मी लोहचुंबक बोलतोय. जरा जवळ येऊन ऐका. एके काळी मी लांबच्या वस्तू ओढून घ्यायचो. आता माझं बोलणंही फार लांब जात नाही.

आबिड्सवरच्या एका दुकानातून मला आणि माझ्या जुळ्या भावाला हैदराबादेतल्या एका ट्रेनिंग स्कूलमध्ये आणलं. प्राथमिक शाळांतले मास्तर तिथं तयार व्हायचे. तेव्हा निजामाचं राज्य होतं, शिकवणं उर्दूत चालायचं आणि मला 'मकनातीस' म्हणायचे. नाव भारदस्त, आणि मीही तसाच. मूठभर खिळे एका दमात उचलायचो. ते पाहून मिशीवाले शिकाऊ मास्तरसुद्धा पोरांसारखे हसायचे.

माझं वाटोळं झालं ते नीटनेटकेपणापायी. आम्हा भावांना पेटीत उलटसुलट ठेवायला हवं. एकाच्या लाल टोकाशेजारी दुसऱ्याचं निळं, आणि टोकांना लोखंडी पट्ट्या. पण साहेब तपासणीला आले की दोन्ही लाल टोकं एका बाजूला बरी दिसतात, म्हणून आम्हाला तसंच निजवलं. पट्ट्या गंजक्या दिसतात म्हणून टाकून दिल्या. शेजारी पडल्या पडल्या आम्ही एकमेकांची ताकद खात राहिलो. धूळ मात्र रोज पुसली जायची.

मग हिंदुस्थानचं सैन्य आलं, पोलीस ॲक्शन झालं. राज्य बदललं, शाळांची भाषा बदलली. माझ्या अंगावर मराठी नावाची चिठ्ठी डकवली. त्या दिवसांत मला चिकटलेली तेवढीच वस्तू.

त्याच सुमाराला प्रमिला आली. नवी नवरी, अबोल. माझी पेटी काढताना मैत्रिणीला म्हणाली, "सासूबाईंनी एक वर्ष दिलंय. पास झालीस तर नोकरी कर म्हणाल्या, नाही झालीस तर स्वयंपाकघर कुठं पळून जात नाही."

तिचा शेवटचा पाठ माझ्यावर होता. त्यावरच सगळं ठरायचं होतं. पाठ घ्यायचा तो आवारातल्याच शाळेत, चौथीच्या वर्गात. त्या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडं. वर्षभर प्रत्येक शिकाऊ मास्तर आणि बाई त्यांच्यावरच हात साफ करत; तोच पाठ, तेच प्रश्न. मागच्या बाकावर परीक्षक केशवराव मास्तर कागदात डोकं घालून बसले होते.

"हा खिळा चुंबकाजवळ नेला तर काय होईल बरं?" प्रमिलानं विचारलं.

"चिकटेल."

"बघू या हं."

तिनं खिळा माझ्या टोकाला लावून सोडला. मी होता नव्हता तेवढा जीव लावला. खिळा टणकन टेबलावर पडला, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "चिकटला."

केशवरावांनी मान डोलावली.

प्रमिलानं खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला आजवर पुष्कळांनी पाहिलंय, पण त्या नजरेपुढं मला गंजून जावंसं वाटलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची गंगू हळूच म्हणाली, "बाई, अंगठ्यानं धरा. मागच्या बाई तसंच धरत होत्या."

"त्यांच्या आधीचे सर पण," शेजारीण म्हणाली.

प्रमिलाचा हात खिळ्याकडे गेला. मला वाटत होतं, बाई, तो तिथंच राहू दे. का पडला ते विचार त्यांना. तुला शिकवायचं ते सगळं विज्ञान त्या टेबलावर पडलंय.

पण तिनं खिळा उचलून माझ्या टोकाला लावला आणि वर तिचा अंगठा आला. घामानं ओला होता. तिनं मला उंच धरलं. "बघा, चिकटला."

"चिकटला," मुलं खुशीनं म्हणाली. बाई पास होणार होत्या ना.

"उत्तम," केशवराव उठत म्हणाले. "आवाज थोडा वाढवा."

"सर, चुंबकात जीव नाही उरला."

"मालूम आहे की."

"मग?"

"नव्याची दरखास्त केलीय वर. येईल तेव्हा येईल. तुमचा पाठ तर झाला ना, बाई?"

वर्ग रिकामा झाला. गंगू खिळे गोळा करत होती. प्रमिला तिला म्हणाली, "गंगू, खिळा चिकटला नव्हता गं."

"हौ बाई, ठाऊक आहे."

"मग चिकटला का म्हणालीस?"

"पाठात चिकटतो ना, बाई."

पोरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. प्रमिला खुर्चीवर बसली आणि कितीतरी वेळ पदरानं अंगठा पुसत राहिली. जाताना तिनं आम्हा भावांना उलटसुलट ठेवलं. चार दिवसांनी कुठूनशा लोखंडी पट्ट्या आणून लावल्या. गेलेली ताकद त्यानं परत येत नाही, उरलेली टिकते एवढंच. हे तिलाही ठाऊक असावं.

ती पास झाली. आता कुठल्याशा शाळेत शिकवते म्हणतात. तिच्या टेबलावर खिळा पडतो की नाही, मला कळायला मार्ग नाही.

मी अजून याच कपाटात आहे. नवा चुंबक आलेला नाही. उद्या आणखी कुणाचा तरी पाठ आहे. ज्या कुणी बाई असाल, तुम्हाला एवढीच विनवणी: माझी लाज झाकू नका. खिळा पडेल, तो पडू द्या. मुलं "चिकटला" म्हणतील, तेव्हा काही बोलू नका. नुसत्या बाजूला व्हा, म्हणजे त्यांना टेबल दिसेल.