फाक कुणाच्या नावाची

फाल्गुनाची ती सकाळ ताम्रवर्ण होती, मंदमंथर होती, अर्धवट जागी होती. कांदळवेळच्या खाडीवर धुकं नव्हे, धुक्याची आठवण तरंगत होती. भरती सरलेली, ओहोटी न लागलेली; पाणी येईना, पाणी जाईना. खाडीच्या मुखाशी, मुकुटहीन मस्तकासारखा, जलदुर्ग उभा होता.

त्या दुर्गाच्या हबशी किल्लेदारानं तीनशे वर्षांपूर्वी गाव जाळला म्हणतात. माझ्या आज्याच्या गोष्टीत वीस घरं जळायची, बापाच्या गोष्टीत ऐंशी. माझ्या तोंडी आली तेव्हा तीनशे झाली होती. आणि एवढी घरं उभी राहायला गावात जागा कुठं होती, हे मला कुणी विचारलं नाही. घरं वाढली, तसा राग वाढला.

म्हणून दर शिमग्याला, सकाळी देवीपुढं होम पेटला की शतकंठांतून फाक उठायची, शिमग्याची ती मोकाट आरोळी: "हबशाच्या बैलाला होऽऽ!" किल्लेदार मेला, त्याचा बैल मेला, फाक तेवढी चिरंजीव.

आणि दर शिमग्याला खाडीकाठच्या एकुलत्या सिद्दी घराच्या खिडक्या मिटायच्या. रुकय्या त्या घरची. कृष्णवर्णा, कुरळकेशा, मितभाषिणी. किल्लेदाराच्याच वंशाची म्हणून गावानं परस्पर ठरवलेली. पन्नास फाल्गुन तिनं ती फाक ऐकली. आधी रडली, मग चिडली, मग तेही नाही. दगडावर लाट यावी, दगड भिजावा, दगड वाळावा, तसं.

यंदा तीच सरपंच. याच गावानं, याच तोंडांनी, निवडून दिलेली. आणि होमात पहिला नारळ टाकायचा मान पूर्वापार गावच्या प्रमुखाचा.

पहाटेची, फजरची नमाज पढून ती होमापाशी आली. म्हाताऱ्या रावजी गुरवानं नारळ पुढं केला.

"देवीपुढं हात नाही जोडायची मी, रावजीदादा. पण गावाचा नारळ टाकीन."

"देवीनं कधी हात मोजलेत गो बाय? टाक."

नारळ पडला. ज्वाळा उठल्या, केशरवर्ण, सर्पजिव्ह, उन्मुख. पालथ्या मुठी ओठांपर्यंत गेल्या आणि तिथंच थिजल्या. शंभर तोंडं उघडी, शंभर कंठ रिते. एवढी शांतता की चिखलातल्या शिंपल्यांनी कान टवकारले. खोटं वाटत असेल तर शिंपल्यांना विचारा.

"फाक नाय, तर हा शिमगा की बारसं?" मागून कुणी पुटपुटलं.

रावजीला घाम फुटला. फाकेवाचून होम निवला तर इडापिडा वर्षभर गावातच मुक्कामाला. तरी तो हळूच म्हणाला, "मुद्दाम गाळलीय बाय. तुझ्यासाठी."

रुकय्यानं ऐकलं. सुख वाटलं नाही, दुःख वाटलं नाही. न उच्चारलेली ती फाक तिला ऐकू येतच होती. शंभर मिटत्या ओठांमागं ती तशीच होती, सबंध, साबूत, पुढच्या सालासाठी राखलेली.

"गाळू नका," ती म्हणाली. आवाज सपाट, शेवाळल्या पायरीसारखा. "माझ्या नावानं घाला."

"म्हणजे... तुझ्या जातीच्या?" रावजीनं विचारलं.

"जातीला मत दिलंत काय? मत मला दिलंत. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, ते पाप माझं, किल्लेदाराचं नाय. घाला सरपंचाच्या नावानं."

क्षणभर ज्वाळाही विचारात पडल्या.

"आणि धक्क्यावरचा दिवा?" रावजीनं बोळकं विचकलं. "तो चार महिने बंद हाय!"

"तोही माझ्याच खाती."

मग एक हसला, मग दहा हसले; आणि फाक उठली, आधी चाचरत, मग ढोलासारखी, मग उधाणासारखी: "सरपंचाच्या बैलाला होऽऽ!"

रुकय्या वाट पाहत राहिली, आत काही हलेल म्हणून. काही हललं नाही. पापण्या कोरड्या, तळवे गार. मग तिनंही मूठ पालथी केली, ओठांवर ठेवली, आणि पन्नास वर्षं फाकेला न वापरलेल्या कंठातून, स्वतःच्याच नावानं, घोगरी, गावात मिसळलेली फाक घातली.

फाक खाडीवरून गेली. पैलतीरीच्या काळ्या कातळकड्याला भिडली. त्यातला सरपंच पाण्यात पडला, बैल पाण्यात पडला. परत आलं ते एवढंच:

होऽऽ... होऽ... हो.