मेथीखालचा पेपर

"पेपर घरी येतो, फोन हातात असतो, मग टॅब कशाला?" सलिलचा हा प्रश्न अंतरा आठवडाभर ऐकत होती.

पेपर येत होता, हे खरं. पण त्या घरात पेपरलाही मानपान होता. आधी बाबा, म्हणजे सासरे, चहाबरोबर अथपासून इतिपर्यंत. मग सलिल, ऑफिसला निघेपर्यंत. अंतराला तो मिळायचा संध्याकाळी, मेथी निवडायला खाली अंथरलेला. गेल्या मंगळवारी पानं खुडताना तिला त्यात एक चौकट दिसली. मागच्या केमिकल कंपनीत आज टाक्यांची सफाई, एमआयडीसीच्या निवासी भागाने दुपारपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्यात. आणि तिचा अडीच वर्षांचा अद्वय सकाळभर गॅलरीत खेळला होता. म्हणून खोकत होता होय!

"बाबा, तुम्ही वाचलं होतंत ना हे?"

"वाचलं की. डोंबिवलीत वास नाही आला तर ती बातमी!"

फोनवर वाचायला घेतलं की अद्वय गाण्यांसाठी त्यावर झडप घालायचा. म्हणून टॅब हवा होता. उजाडताच उघडणारा, मोठ्या अक्षरांचा आणि फक्त तिचा.

शनिवारी सलिलने तो आणला एकदाचा. "घ्या बाईसाहेब, वाचा जगाच्या बातम्या!"

तिने तो खोक्यातून काढला मात्र, बाबा पुढे सरकले. "यात शब्दकोडं येतं का गं?"

"मॅच बघायला काय भारी स्क्रीन आहे!" सलिल म्हणाला.

"आई, गाणी लाव!" अद्वयने तिच्या मांडीवर चढून काचेवर बोटं उमटवली.

अंतरा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने टॅब पुसला आणि खोक्यात सरकवला. "परत कर."

"अगं, एवढं डोकं खाल्लंस त्याच्यासाठी!"

"खाल्लं. पण हाही तुमचं सगळ्यांचं झाल्यावरच मिळणार मला. उरलेलं वाचायला नवा कशाला? आणि यावर मेथीही निवडता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीतला पेपर तिने काढला आणि थेट बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. बाबा कप घेऊन आले आणि थबकले.

"अंतरा, पेपर?"

"वाचतेय."

"अगं, पण सकाळी आधी मी..."

"आजपासून आधी मी, बाबा. पोर सांभाळायचं मी आणि खिडक्या कधी लावायच्या ते संध्याकाळी कळायचं? नाही चालणार."

"मग तोवर मी काय करू?"

"चहा प्या. गार होतोय."

दारात उभ्या सलिलला हसू आलं. तिने नुसतं बघितलं, तसं ते विरलं. बाबा दिवाणाच्या कडेला टेकले, कप तसाच हातात.

तिने स्थानिक पान सावकाश, शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचलं. मग उठून गॅलरीचं दार उघडलं.

"अद्वय, ये. आज खेळ बाहेर."

पेपर मात्र तिने काखेतच ठेवला. अजून तीन पानं राहिली होती.