मिश्री न लावलेली सकाळ

लिडियाच्या यंत्राचं मिश्रीशी वाकडं होतं. तोंडात कॅन्सर रुजू लागला की थुंकीतल्या एका एन्झाइमचा जोर वाढतो. नगरच्या प्रयोगशाळेत लिडियानं बनवलेल्या पट्टीवर थुंकीचा थेंब टाकला की तो जोर आकड्यात दिसायचा. आकडा फार चढला तर त्या बाईला डॉक्टरांकडे पाठवायचं. पण दातांना मिश्री लावली असेल तर आकडा उगाचच चढायचा आणि तपासणी बाद धरावी लागायची. आता पाथर्डीकडच्या वस्तीवर सकाळी तंबाखूची मिश्री लावू नका म्हणणं सोपं का आहे? तरी लिडियानं आदल्या दिवशी घरोघर जाऊन हात जोडले होते.

तपासणीच्या रांगेत कडूबाईंचा आकडा सरसर चढला.

"मावशी, मिश्री लावलीत ना?"

"न्हाई वं ताई. तुमी सांगितलं म्हून डबीला हात सुदिक लावला न्हाई. मिश्रीबिगर नुसतं डोकं उठलंय."

असंच सांगून सकाळपासून दोघी-तिघी खोटं बोलल्या होत्या. लिडियाचं डोकं आधीच तापलेलं.

"एवढं सांगूनही खोटं बोलता? माझी पट्टी वाया गेली!"

रांगेतल्या बायका हसल्या. कडूबाईंनी तोंडाला पदर लावला. "व्हय, लावली. चुकलं माझं."

लिडियानं तपासणी बाद केली. ती पुन्हा करायला हवी होती, पण दुसऱ्याच दिवशी कडूबाईंची टोळी ऊसतोडीला निघून गेली. लिडियानंही मग मनावर घेतलं नाही.

हंगाम संपवून कडूबाई परतल्या तेव्हा त्यांना घास गिळवत नव्हता. दवाखान्यात कॅन्सर निघाला, तोही बराच पसरलेला. बातमी लिडियापर्यंत पोहोचली. मिश्री लावल्याचं त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं, असं ती मनाला बजावत राहिली. त्या एका कबुलीच्या आधारावर तिनं बरेच दिवस ढकलले. शेवटी राहवेना, तेव्हा एसटी धरून वस्तीवर गेली.

कडूबाईंचं तोंड नीट उघडत नव्हतं. तरी उठून बसल्या, लेकीला, जयाला, चहा टाकायला सांगितला आणि लिडियाचा हात धरला.

"ताई, तवा म्या खोटं बोलले तुमच्यापाशी. मिश्री लावली नव्हतीच. तुमी चिडला, बाया हसाया लागल्या, म्हून लावली म्हनले. राग धरू नका."

लिडियाला रडूच कोसळलं. "मावशी, तुम्ही आधी खरंच सांगितलं होतं. मीच मानलं नाही. चूक माझी आहे, सगळी माझी."

तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, पण कडूबाईंना ते पटेना. एवढी शिकलेली पोर, तिची कशी चूक असेल?

चहा घेऊन आलेल्या जयाला त्यांनी लिडियासमोर बसवलं.

"आता हिची थुंकी तपासा. ही बी मिश्री लावती. पर हिला दटावून ठिवलंय मी, ताईम्होरं माझ्यासारखं खोटं बोलायचं न्हाई."