आशीर्वादाची रांग

माझ्या नातीला, बकुळला, पाचवं सरत आलं होतं. एवढ्या लहान मुलांना कम्युनियनची पवित्र भाकर मिळत नाही. पण छातीवर हातांची घडी घालून रांगेत आलं की फादर डोक्यावर हात ठेवतात, आशीर्वाद देतात. रविवारच्या मिस्सात, चर्चमधल्या त्या प्रार्थनेत, तिच्या वाट्याचं एवढंच होतं, बाकी सगळं मोठ्यांचं. म्हणून आम्ही घरी तालीम करायचो. मी खाटेवर बसून फादर व्हायचे, ती स्वयंपाकघरातून चालत यायची.

"आजी, फादर एवढा वेळ लावत नाहीत. लवकर कर."

त्या रविवारी आमचं हिंदी मुलखातलं चर्च भरलं होतं. नवे फादर घाईत होते. माझ्या जिभेवर त्यांनी पवित्र भाकर ठेवली आणि बकुळच्या डोक्यावरून हात मागच्या माणसाकडे नेला. ती घडी घालून उभीच. मागचे ढकलू लागले. तेव्हा तिनं घडी सोडली आणि डाव्या हातावर उजवा ठेवून तळवा पुढे केला. नदीकाठच्या रामघाटावर माझ्या मैत्रिणीकडे, शरदिनीबाईंकडे गेलो की पूजेनंतरचा प्रसाद आधी पोरांच्या हातावर पडतो. तिला तेच ठाऊक.

"यह मंदिर नहीं है, बेटा," फादर म्हणाले. आवाज हळू होता, पण पुढच्या बाकांवर ऐकू गेला. कोणीतरी हसलं.

माझा मुलगा रत्नाकर चर्चच्या कमिटीत होता. घरी येऊन तो माझ्यावरच घसरला.

"इथले लोक आधीच म्हणतात, हे मराठी ख्रिस्ती अर्धे घाटावरच्या देवळांतच असतात. तू तिला रांगेत नेलंसच कशाला?"

"आशीर्वादाला."

"मिळाला ना मग?"

सून लतिका भाजी चिरत होती. "पोरीला काय वाटलं ते विचारा कोणीतरी," ती म्हणाली. रत्नाकर अंघोळीला निघून गेला.

पुढच्या बैठकीत ठरलं की लहान मुलं मिस्साच्या वेळी व्हरांड्यात बसतील, सिस्टर त्यांना चित्रं रंगवायला देतील. हे रत्नाकरनंच सुचवलं होतं.

मी फादरांकडे गेले. माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, मुलांना आत बसू द्या. मी त्यांना पुढच्या बाकावर घेऊन बसते, घंटा कधी वाजणार, गुडघे कधी टेकायचे, कानात सांगते.

"माँजी, बच्चे अभी समझते नहीं."

मी सांगितलं, पन्नाशी उलटल्यावर मी अक्षरं शिकले. तोवर प्रार्थनेचं पुस्तक नुसतं हातात धरून बसायचे. मला कोणी बाहेर काढलं नाही.

ते जरा वरमले. "ठीक है. कम्युनियन के समय ले आइए, आशीर्वाद दे दूँगा."

रविवारी रांग लागताच मी व्हरांड्यात गेले. बाकीची मुलं पटकन उठली. बकुळ पालथी पडून मेंढराला निळा रंग देत होती.

"चल, फादरांनी कबूल केलंय."

"नको."

"अगं, तुझ्यासाठीच भांडले मी."

"तू जा ना आजी. इथं कोणी हसत नाही."

"रहने दीजिए," सिस्टर म्हणाल्या, "आराम से बैठी है."

मी बाकीच्यांना घेऊन आत गेले. फादरांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. मिस्सा सुटल्यावर लोक रत्नाकरला सांगत होते, मुलं किती शिस्तीत आली, चांगली व्यवस्था केलीत. तो मान डोलावत होता. त्याची स्वतःची मुलगी त्यांत नव्हती, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.