कागदावर सव्वाचार टन

बाईमाणसाला वजन विचारू नये म्हणतात, पण मला अख्ख्या युरोपने विचारलंय, त्यामुळे माझी लाज कधीच गेली. मित्रांनो, मी एक जुनी, अंगाने भरलेली घरगाडी आहे. माझ्या पोटात तिघांची झोपायची सोय, दोन शेगड्यांचा ओटा, एक इवलंसं न्हाणीघर आणि खिडकीपाशी एक बाक आहे. त्या बाकावर आता कोणी बसत नाही. ते का, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. आधी नुसता सांगाडा आणि इंजिन होतं. मग भिंती आल्या, छप्पर आलं आणि शेवटी एका वयस्कर सुताराने माझी कपाटं बसवली. प्रत्येक दार तो उघडून बघायचा, मिटून बघायचा, आणि मनासारखं झालं नाही तर पुन्हा काढायचा. इतकी वर्षं झाली, पण माझं एकही दार कुरकुरत नाही. हे त्याचे उपकार, आणि मी ते विसरत नाही.

माझे पहिले मालक मला धुऊनपुसून ताडपत्रीखाली झाकून ठेवत. पाहुणे आले की ताडपत्री वर करून दाखवत आणि पुन्हा खाली सोडत. लोक वा वा करायचे आणि मी मात्र आत गुदमरायची. म्हणून हिल्केने मला विकत घेतलं तेव्हा मी सुटले. हिल्के फ्रीसलंड या डच मुलखातला, बियाण्याचे बटाटे पिकवणारा शेतकरी. त्याची बायको यित्स्के गावच्या शाळेत शिकवते. आणि तिसरे हिल्केचे वडील, सिब्रन. त्यांना सगळं गाव पाके म्हणायचं, म्हणजे आजोबा. खिडकीपाशी बसायचे ते पाके.

या माणसांना हिवाळ्यात एकच वेड, बर्फावर स्केटिंग करत लांब लांब जाण्याचं. पाकेंच्या तरुणपणी गावचे कालवे दगडासारखे गोठायचे. ते स्केट बांधून मावशीच्या गावाला जायचे आणि जेवून परत यायचे. आता कालव्यांवर बर्फ धरतच नाही. म्हणून दर जानेवारीत आम्ही जर्मनी ओलांडून ऑस्ट्रियातल्या डोंगरातल्या एका तळ्यावर जायचो. तळं गोठलं की तिथे लांब पल्ल्याची दौड असते, आणि अर्धीअधिक गर्दी आमच्याकडचीच असते. हिल्के दौडीत उतरायचा. पाके काठाकाठाने दोन फेऱ्या मारायचे आणि मग माझ्या ओट्यावर वाटाण्याचं दाट सूप ढवळत बसायचे.

या हिंडण्यात मला एक कळलं. प्रत्येक देशाला माझं काहीतरी वेगळंच डोळ्यांत भरतं. फ्रान्सच्या टोलनाक्यावर माझी उंची आणि वजन बघतात. डेन्मार्कहून स्वीडनला जाणाऱ्या पुलावर लांबी विचारतात. जर्मनी मला काहीच विचारत नाही, देव तिचं भलं करो. ऑस्ट्रियात मात्र दोन पंगती आहेत. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीने काचेला स्टिकर लावायचं आणि महामार्गावर खुशाल फिरायचं. त्याच्या वरच्या गाडीने काचेवर एक पांढरी डबी बसवायची. ती रस्त्यावरच्या कमानीखालून जाताना 'टुक्' करते, आणि जेवढा रस्ता कापला तेवढा टोल घेते.

मी आधी साडेतीन टनांच्या पंगतीतली होते. एका वर्षी पाकेंचे गुडघे गेले. चाकांची खुर्ची आली, त्यांच्यासाठी मोठा हीटर आला, उंच गादी आली. तेव्हा हिल्केने गॅरेजमध्ये माझ्या मागच्या चाकांवर जाड स्प्रिंगा बसवून घेतल्या आणि माझ्या कागदांवर नवं वजन लावून आणलं. जास्तीत जास्त सव्वाचार टन. मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं. पाकेंना सुखाने नेता यावं म्हणूनच हा सगळा खटाटोप होता, हे लक्षात ठेवा.

आणि जानेवारी आला तसा हिल्के डबीवर अडून बसला.

"डबीबिबी नको," तो म्हणाला. "बटण दाबा, आवाज ऐका, नसती कटकट. काट्यावर साडेतीनच्या आत राहिलो की झालं. दरवर्षीसारखं स्टिकर लावू."

"पण कागद बदललेत ना आपण?" यित्स्के म्हणाली.

"कागदाने काय होतंय? बटाटा कागदावर विकतात का काट्यावर?"

आता याला काय म्हणणार? आमच्याकडचा शेतकरी जन्मभर काट्यावर माल घालतो. काटा म्हणेल ते खरं, बाकी सगळी बडबड. एरवी हा गुणच आहे.

निघायच्या दिवशी त्याने मला बटाट्यांच्या सहकारी कोठारातल्या मोठ्या काट्यावर उभं केलं. आकडा साडेतीनच्या बराच वर गेला. मग सामान उतरायला लागलं. सगळ्यात आधी उतरली एक लाकडी खुर्ची. आमच्याकडे मुलं स्केटिंग शिकतात ती अशी खुर्ची पुढे ढकलत ढकलत. याच खुर्चीला धरून पाकेंनी हिल्केला शिकवलं होतं, आणि ती दरवर्षी उगाचच बरोबर यायची. मग सुपाचं पातेलं उतरलं. घरच्या बटाट्यांचं पोतंसुद्धा उतरलं. परदेशी जाताना घरचे बटाटे न्यायचेच ही इथली रीत, तेव्हा हिल्के किती हट्टाला पेटला होता ते समजून घ्या.

पाके बाकावरून सगळं बघत होते. "अजून किती जास्त दाखवतोय रे?"

"थोडंच आहे बाबा. नव्वदेक किलो."

पाकेंनी टोपी उचलली. "म्हणजे मी आणि माझी टोपी."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. काटा खोटं बोलत नाही, तूच म्हणतोस." ते दाराची कड धरून, एकेक पाय टेकत खाली उतरले. "खुर्चीही काढा, माझी चाकांची. मी नाही तर ती कशाला? बघ, बसलं का बरोबर?"

बरोबर बसलं होतं. मागच्या स्प्रिंगा किंचित वर आल्या, आणि खरं सांगते, इतकं हलकं व्हायला मला मुळीच आवडलं नाही.

"हिल्के, ऐक माझं. डबी घेऊ," यित्स्के म्हणाली.

"अगं, ते स्वतःच म्हणतायत ना."

"जा पोरांनो," पाके म्हणाले. "येताना थोडा बर्फ घेऊन या. ग्लासात घालू." ते हसत होते. काट्याच्या ऑफिसपुढे काठी टेकून ते उभे राहिले आणि आम्ही वळेपर्यंत हात हलवत होते. गेल्या उन्हाळ्यातच डॉक्टर म्हणाले होते, की पुढच्या हिवाळ्याचं काही सांगता येत नाही. हे तिघांनाही माहीत होतं.

जर्मनी ओलांडेपर्यंत बाकावर यित्स्केने पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही.

बव्हेरियात सीमेच्या अलीकडे घरगाड्यांचा एक तळ आहे, तिथे आम्ही मुक्काम केला. शेजारी ग्रोनिंगनची, म्हणजे आमच्या लगतच्या प्रांतातली, एक थोराड गाडी उभी होती, काचेवर पांढरी डबी मिरवत. तिची मालकीण तिनेके कॉफीचा थर्मास घेऊन आली. स्पष्ट बोलणारी बाई. हिल्केच्या हातात नवं स्टिकर बघून ती म्हणाली, "हे कोणासाठी?"

"आमच्यासाठी. साडेतीनच्या आत आहोत. काट्यावर बघून आलोय," हिल्के जरा ताठ होऊन म्हणाला.

"आणि कागदावर?"

"सव्वाचार. पण भरलंय कुठे तेवढं?"

तिनेके कॉफी ओतायची थांबली. "अहो, ते काटा बघत नाहीत, कागद बघतात. या गाडीला किती भरायची परवानगी आहे, एवढंच. तुम्ही गाडी पार रिकामी केलीत आणि दोघं खाली उतरून ढकलत नेलीत, तरी ती सव्वाचार टनांचीच. मी हे दंड भरून शिकलेय, तुम्हाला फुकट सांगते."

"म्हणजे डबी लागणारच?"

"लागणारच. मग आत चार पोती बटाटे भरा नाहीतर हवा."

यित्स्केने कप खाली ठेवला. "म्हणजे पाकेंना उगाच उतरवलं आपण," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनेकेने विचारलं, "कोण पाके?" यित्स्केने रिकाम्या बाकाकडे बघितलं, तेव्हा ती समजली आणि थर्मास तिथेच ठेवून निघून गेली.

दौड परवावर आली होती. हिल्केचं नाव लागलेलं होतं, वर्षभर त्याने सायकल मारून पाय तयार केले होते. तरी त्याने मला सुरू केलं, आणि ऑस्ट्रियाकडे तोंड होतं ते वळवून घराकडे केलं. यित्स्केने विचारलं, "दौड?" तो म्हणाला, "दौड दरवर्षी असते." मित्रांनो, त्या वळणावर मला त्याचा फार अभिमान वाटला. एका हट्टी माणसाला वळवणं हे सव्वाचार टन वळवण्यापेक्षा अवघड असतं.

पाके स्वयंपाकघरात एकटेच जेवत होते. मला अंगणात बघून दारात आले. "काय रे, काही विसरलास?"

"हो," हिल्के म्हणाला. "तुम्हाला."

पाकेंनी खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मग बटाटेही घे. आणि पातेलं." हिल्केने सगळं भरलं. चाकांची खुर्ची भरली, आणि शेवटी ती लाकडी खुर्चीही. माझ्या स्प्रिंगा खाली बसल्या आणि मला माझं वजन परत मिळालं.

सीमेवरच्या पेट्रोल पंपावर आम्ही डबी घेतली. कागद दाखवले, चाकांचे किती आस आहेत ते सांगितलं, पैसे भरले, आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात काम झालं. याच कटकटीला हिल्के घाबरला होता. निघण्याआधी बटण दाबून आसांचा आकडा बरोबर आहे ना ते बघायचं, एकदा वाजली की ठीक, चार वेळा वाजली की टोल भरला गेला नाही. यित्स्केने बटण दाबलं. पहिल्या कमानीखाली डबी एकदाच वाजली, आणि मागून पाके शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "हजर." मग प्रत्येक कमानीला तेच. यित्स्के किती दिवसांनी हसली.

तळ्यावर पोचलो तेव्हा दौड होऊन गेली होती. लोक पांगले होते, बर्फावर स्केटच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. हिल्केने वडिलांना स्केट बांधले आणि लाकडी खुर्ची त्यांच्यापुढे ठेवली. ज्या खुर्चीला धरून मुलगा शिकला, तिलाच धरून बाप निघाला. मी काठावरून बघत होते. हिल्के मागे दोन्ही हात पसरून चालला होता, आणि पाके त्याला दटावत होते, "मागे सर. माझ्या वाटेत येऊ नकोस."

त्यानंतर आणखी दोन हिवाळे पाके आमच्याबरोबर आले. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा दोन जास्त. माझ्या आयुष्यात मला जे मिळालं त्यात हे दोन हिवाळे सगळ्यात वरचे. तो सुतार, त्या जाड स्प्रिंगा, ती तोंडाळ तिनेके, मी सगळ्यांची ऋणी आहे.

आता मी म्हातारी झाले. माझ्या पत्र्यावर गंज चढतोय, पण हिल्के दर वसंतात तो खरवडून रंग लावतो. मित्रांनो, कधी माझ्यासारखीला घेऊन परदेशी निघालात, तर त्या देशाला माझं काय हवंय, उंची, लांबी, आस की कागदावरचं वजन, ते आधी नीट विचारून घ्या. टोल भरता येतो. माणूस उतरवून वाचवलेल्या किलोंचं मात्र कोणी काही देत नाही. आणि गाडीची काळजी घ्या, पण गाडी कोणासाठी घेतली होती तेही विसरू नका.

या जानेवारीत मी दोघांनाच घेऊन गेले. यित्स्केने निघताना बटण दाबलं. पहिली कमान आली, डबी एकदा वाजली. बाकाकडे कोणी बघितलं नाही. मग हिल्के रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "हजर."