लाकडी पायातलं विष

"निघालं! बघा, बघा, निघालं!"

ब्रेथवर्थच्या बाजारपेठेत, बुटांच्या जुन्या दुकानाच्या काचेला नाकं लावून माणसं ओरडत होती. आत विजेच्या टबात पाय बुडवून एक म्हातारी बसली होती. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, आणि आता त्यावर काळपट गाळ तरंगत होता. ती म्हातारी म्हणजे माझी थोरली बहीण बेरिल.

"मंडळी, डॉक्टर रोग झाकतात, आम्ही त्याचं विष उपसतो!" पांढरा कोट घातलेला क्रिस्पिन गर्जला. "तळपायाला हजारो दारं आहेत. हिमालयाचं मीठ ती उघडतं!" हिमालय त्यानं मिठाच्या पिशवीवरच पाहिला असणार.

आमच्या पेठेतली दुकानं एकेक करून बंद पडली, तेव्हा सरकारी आरोग्य सेवेनं शेजारच्या शर्टांच्या दुकानात दवाखाना उघडला. काम चांगलंच होतं. साखर, रक्तदाब, पाय, सगळं तिथे तपासून मिळायचं. बेरिलला दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जायला नको. पण दवाखाना दुकानात आला, की दुकानदारही डॉक्टर होतात. शेजारी बुटांच्या दुकानात क्रिस्पिननं टब मांडला, दोन्ही दारांपुढे रांगा लागल्या, आणि आमच्याकडे रांग दिसली की माणूस आधी उभं राहतं, कशाची ते नंतर विचारतं. पहिल्या दिवशी मधुमेहाची बेरिल दवाखान्यात पाय दाखवायला म्हणून निघाली आणि चुकीच्या रांगेत लागली. चूक तिला अर्ध्यातच कळली होती.

"मग बाहेर का नाही पडलीस?" मी विचारलं होतं.

"अरे, एका बाईनं मला पुढची जागा दिली होती. बरं दिसलं नसतं."

मग पाणी काळं झालं आणि बेरिल भाळली. इन्सुलिन बंद करून ती रोज टबात पाय घालू लागली. पायाचा अंगठा आधी लाल झाला, मग काळा. मी ओरडलो, हातापाया पडलो. तिचं एकच: "एडविन, डॉक्टरांना कामं काय कमी आहेत? माझ्या एका अंगठ्यापायी त्यांना कशाला त्रास?"

आज तो अंगठा पाहून माझा धीर सुटला. मी शेजारी धावलो आणि नर्स इफेओमाला अक्षरशः ओढून आणलं. तिनं वाकून अंगठा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"बेरिलबाई, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला. नाहीतर पाय जाईल."

"पण हे पाणी बघ ना पोरी," बेरिल म्हणाली. "एवढं सगळं निघालंय."

इफेओमानं इकडेतिकडे पाहिलं. काचेमागच्या कोपऱ्यात बूट मांडायचा लाकडी पाय अजून पडून होता. तिनं तो उचलला.

"याचंही विष काढा. ताजं पाणी घ्या, मीठ तुमचंच घ्या."

"अहो, रांगेत या!" मागून एक गृहस्थ चिडले. "या पायाचा नंबर नाही अजून!"

"हा शास्त्राचा अपमान आहे!" क्रिस्पिननं टबाचं बटण हातानं झाकलं. इफेओमानं बेरिलचे पाय बाहेर काढून ताज्या मीठपाण्यात तो लाकडी पाय ठेवला; मी क्रिस्पिनचा हात बाजूला सारला आणि बटण दाबलं.

पाणी पिवळं झालं. मग तपकिरी. मग वर काळपट गाळ आला. या वेळी कोणीही "निघालं" म्हणालं नाही.

"याला मधुमेह कधीपासून आहे?" इफेओमानं विचारलं.

"लाकूडसुद्धा… वातावरणातली ऊर्जा…" क्रिस्पिन पुटपुटला.

इफेओमानं वीज बंद केली आणि टबातून तारेला जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या वर काढल्या. त्या झिजल्या होत्या. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. हा त्याचा रंग. पाय घाला, लाकूड घाला, नाहीतर काहीच घालू नका, रंग हाच येणार."

बेरिलनं त्या लाकडी पायावरचा गाळ बोटानं पुसून पाहिला.

"म्हणजे माझ्यातून काय निघालं?"

"काहीच नाही, बेरिलबाई."

"आणि आत काय राहिलं?"

"सगळं," इफेओमा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

अंगठा वाचला नाही. पाऊलही वाचलं नाही. गुडघ्याखाली कापावं लागलं. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडलो. क्रिस्पिन तोवर पसार झाला होता. कुठल्या तरी दुसऱ्या पेठेत मीठ विरघळवत असेल.

आता बेरिल चाकाच्या खुर्चीत दवाखान्याच्या दाराशी बसते. रांगेतल्या प्रत्येकाला विचारते, "ही कशाची रांग आहे, माहीत आहे का?" लोक ओशाळून हसतात. मग ती पांघरूण जरा बाजूला करते.

"चूक कळली होती मला," ती सांगते. "बाहेर पडायला लाजले. कोणी चमत्कार दाखवला, तर आधी म्हणा, माझ्याशिवाय करून दाखव. आणि रांग चुकली असेल, तर निघून जा. कोणाला काय वाटेल ते वाटू दे."