नाडीत नसलेला राग

योउ वैद्यांनी शुआंगमेईला तीन गोष्टी वर्ज्य सांगितल्या : मिरची, कोंबडा आणि राग. कोंबडा तिच्या घरी तसाही वर्षसणालाच कापला जाई. मिरची सोडणं जड गेलं. बिनमिरचीचा भात जेवताना तिला आपण बाळंतिणीच्या खाटेवर असल्यासारखं वाटायचं, पण तेही तिने वीस दिवस केलं. राग मात्र सोडणार नाही, असं तिने वैद्यांच्या तोंडावर सांगितलं.

"मग डोळा सोड," योउ म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रुग्णाचा कागद ओढला.

शुआंगमेई एका पारड्याच्या तराजूच्या दांड्या करायची. तिच्या वडिलांचं काम होतं ते, मुलगा नव्हता म्हणून तिच्याकडे आलं. वाळवलेल्या लाकडाची दांडी तासायची, तिला बारीक भोकं पाडायची, प्रत्येक भोकात पितळेची तार घालून कापायची आणि कानशीने घासून लाकडाशी सपाट करायची. मग काळ्या दांडीवर पिवळे ठिपके चमकायला लागतात. त्यांना तारे म्हणतात. पहिला तारा सगळ्यांत महत्त्वाचा. एका टोकाला पारडं रिकामं टांगून सरकतं वजन या ताऱ्यावर ठेवलं की दांडी आडवी, निश्चल राहिली पाहिजे. पंचक्रोशीत कुठल्याही दांडीवर शुआंगमेईचा शिक्का असला की लोक दुसऱ्यांदा बघत नसत.

आठव्या महिन्यात, लाकडाला चोपडतात त्या तुंगतेलाच्या बियांची खरेदी सुरू झाली. शुआंगमेई जावेबरोबर पोतं घेऊन केंद्रावर गेली, आणि रांगेत उभ्या उभ्या तिला आपल्याच शिक्क्याच्या दांडीची चाल खटकली. ती पुढे गेली, पारडं रिकामं केलं, वजन पहिल्या ताऱ्यावर ठेवलं. दांडीची शेपूट खाली गेली. म्हणजे वजन मूळचं नव्हतं, जास्त जड होतं, आणि प्रत्येक पोतं कागदावर हलकं लागत होतं. तिने ते साठ माणसांसमोर मोठ्याने सांगितलं. केंद्राचा प्रमुख कुंग तिला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, एवढं कशाला? पहिला तारा जरा आत सरकवून ठोका. अर्ध्या दिवसाचं काम. मग बघा दांडी कशी सरळ राहते."

"दांडी सरळ राहील," शुआंगमेई म्हणाली, "खोटं बोलणारा माणूसही सरळच उभा राहतो."

तिसऱ्या दिवशी तार घासताना पितळेचा कण तिच्या डाव्या डोळ्यात गेला. नवऱ्याने, पेंगने, तो रुमालाच्या टोकाने काढला. पण दोन दिवसांनी डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं आणि उजेड काट्यासारखा टोचू लागला. रुग्णालयात योउ वैद्यांनी डोळ्यात दिवा धरला. बुबुळावर बारीक पांढरे ठिपके जमले होते. त्यांच्या शास्त्रात या दुखण्याला 'जमलेल्या ताऱ्यांचा पडदा' म्हणतात. हे ऐकून शुआंगमेईला हसू आलं. "जन्मभर मी लाकडात तारे ठोकले, आता कुणीतरी माझ्यात ठोकतंय," ती म्हणाली. योउ हसले नाहीत. बुबुळ यकृताच्या ताब्यात असतं, राग यकृत पेटवतो, आणि केंद्रावरचा तिचा आवाज रुग्णालयापर्यंत पोचलेला होता. त्यांनी 'यकृताग्नी' असं लिहिलं आणि खाली बारा थंड, कडू औषधं. जोडीला डोळ्यात टाकायचे थेंबही दिले.

वीस दिवसांत लाली गेली, टोचणं कमी झालं. पण ठिपके एकमेकांत मिसळून त्यांचं एक फूल झालं, मधोमध खोलगट, आणि ते जागचं हलेना. त्या डोळ्याला दांडीच्या जागी नुसतं धुकं दिसे. पोट दिवसातून चारदा बिघडे. नववा महिना, अजून लोक एका सदऱ्यावर हिंडत होते, आणि शुआंगमेई बाहीत हात घालून बसत होती.

सगळ्या गावाला कारण ठाऊक होतं. जाऊ म्हणाली, "अगं, औषध काय करणार, तू आत रोज जाळ घालतेस." दीर म्हणाला, "कुंगला दोन मऊ शब्द बोल, डोळा आपोआप निवळेल." पेंग तसा गरीब माणूस. तो भात वाढताना हळूच म्हणाला, "एकच तर तारा सरकवायचाय."

"पेंग, तुझं नाक बोटभर सरकवलं तर चालेल तुला? एकच तर नाक आहे."

पण रात्री ती उजवा डोळा झाकून भिंतीकडे बघत बसे. नुसत्या एका डोळ्याने खोली कळत नाही. भोक कुठे संपतं ते कळत नाही. डावा गेला तर दांडी गेली. आणि लोक म्हणतात तसं खरंच तिच्या रागानेच तो जात असेल, तर?

एकविसाव्या दिवशी ती रुग्णालयात गेली तेव्हा योउ वैद्य सभेला गेले होते. त्यांच्या जागी त्यांची शिष्या नी बसली होती. प्रांताच्या विद्यालयात शिकून आलेली, तिशीची, हळू बोलणारी. तिने योउंचा कागद लगेच वाचला नाही. आधी यंत्रापुढे बसवून अरुंद फटीतून उजेडाची पट्टी बुबुळावर टाकली, मग पिवळ्या रंगाची कागदी पट्टी पापणीला लावली. "जिथे साल गेलीय तिथे हा रंग हिरवा चमकतो," ती म्हणाली. "हिरवं दिसलं तर जखम अजून उघडी आहे. नुसता पांढरा डाग असता तर त्याची कड गुळगुळीत असती आणि त्याने रंग धरला नसता."

"दिसतंय?"

"मध्यभागी. तांदळाच्या कणीएवढं."

मग नीने नाडीवर बोटं ठेवली. आधी उजवी, मग डावी. बराच वेळ. खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली तेव्हा शुआंगमेई कंटाळून म्हणाली, "सापडली का?"

"खोल आहे. धाग्यासारखी." नीने मान वर केली. "काकू, तुम्हाला राग येतो?"

"आता तुझाच यायला लागलाय. जो तो हेच विचारतो. येतो! कुंगच्या नावाने सकाळ-संध्याकाळ येतो!"

"कुठे येतो? रागावल्यावर डोकं तापतं? तोंड कडू पडतं? बरगड्या दुखतात?"

शुआंगमेईने विचार केला. "नाही. नुसतं बोलावंसं वाटतं."

"रागाची नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते. तुमच्या नाडीत तार नाही. तुमच्या तोंडात आहे," नी म्हणाली. "औषध तोंडाला दिलं गेलंय."

शुआंगमेई खो खो हसली. वीस दिवसांत पहिल्यांदा. मग नीने जीभ बघितली, फिकट आणि ओली. हात चाचपले. "थंड औषधं सुरुवातीला बरोबर होती, लाली होती तेव्हा. पण नंतरही चालू राहिली. फार थंडी झाली की रक्त डोळ्याकडे फिरकत नाही आणि फूल गोठून बसतं. बर्फ धरतं. मग ते वितळत नाही."

"मग बदल औषध."

नीने लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली. गुरूचा कागद शिष्य बदलत नाही. फार तर खाली एखादं औषध वाढवतो, तेही गुरूच्याच नावाखाली. "मी असं करते," ती म्हणाली, "बारा तशीच राहू देते, खाली सुंठ आणि दालचिनीची काडी टाकते."

"वरची बारा गार आणि खालची दोन गरम?"

"रीत आहे तशी."

"पोरी, पहिला तारा चुकला तर मी पुढे तारे वाढवत नाही. दांडी चुलीत घालते आणि नवी तासते. कुंगलाही मी म्हणूनच नाही म्हटलं. आता तूही कुंगसारखंच करतेस?"

नीचे कान लाल झाले. तिने जुना कागद बाजूला सारला आणि कोरा घेतला. दालचिनीची काडी, सुंठ, थोडी शेवंती, झाडावर ओरडणाऱ्या किड्यांनी टाकलेल्या काती, फूल उतरवणाऱ्या आणखी दोन वनस्पती. थेंब चालू ठेवायचे. खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं. शाई वाळायच्या आत दारात योउ वैद्य उभे होते. सभा लवकर संपली होती.

त्यांनी कागद उचलून वाचला. "यकृताग्नीवर दालचिनी? हे कोणाच्या घरचं शास्त्र?"

"माझं, गुरुजी," नी उभी राहून म्हणाली. आवाज लहान होता, पण ती खाली बसली नाही. "नाडी बुडालेली आहे."

"ही बाई केंद्रावर साठ माणसांना ऐकू जाईल एवढी ओरडली. मी स्वतः ऐकलंय."

"कानांनी ऐकलंत," शुआंगमेई म्हणाली आणि मनगट टेबलावर उताणं ठेवलं. "नाडी बोटांनी बघतात ना? त्या दिवशी तुमची तीन बोटं माझ्या हातावर होती आणि तोंड शिपायाला किटलीत पाणी का नाही म्हणून विचारत होतं. मी मोजत होते. आठ ठोक्यांत तुम्ही हात काढलात. मी गिऱ्हाइकाची दांडीसुद्धा आठ ठोक्यांत परत देत नाही."

बाकावरचे रुग्ण माना लांब करून बघू लागले. योउंच्या गालाचा स्नायू हलला. शुआंगमेईला वाटलं, आता हे आपल्याला हाकलतील. पण ते बसले, बाही मागे सारली आणि त्यांनी बोटं ठेवली. डोळे मिटले. दाबली, उचलली, पुन्हा दाबली. दुसरा हात मागितला. बाकावर कुणी खोकलं तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

शेवटी त्यांनी कागद नीच्या हातात दिला. "सात पुड्या. डोळा लाल झाला तर हा कागद माझ्याकडे येईल आणि तू माझ्यासमोर तो वाचशील."

"लाल होईल, गुरुजी," नी म्हणाली. "रक्त परतलं की एखादी बारीक रेघ येणारच. काकू, नुसती रेघ आली तर घाबरू नका. दुखलं किंवा चिकट पाणी आलं तर त्याच घटकेला या."

सहाव्या दिवशी सकाळी रेघ आली. त्याच सकाळी कुंगचा माणूस लाल फडक्यात गुंडाळलेली दांडी घेऊन दारात आला. मोसमाचा शेवटचा आठवडा होता, वरून तपासणी यायची होती, पहिला तारा आत हवा होता. पेंगने बायकोचा लालसर डोळा पाहिला आणि त्याचा धीर सुटला.

"शुआंगमेई, बघ, पुन्हा पेटतोय. ठोक तो तारा. मी पाया पडतो. मन शांत कर आणि डोळा वाचव."

तिने आरसा घेतला. रेघ होती, केसासारखी. दुखत होतं का? तिला खरंच कळेना. भीतीनेही डोळा भरून येतो. तारा ठोकला असता तर कुंगचा माणूस दारातून गेला असता, गाव गप्प झालं असतं, आणि डोळा कदाचित बरा झालाही असता. मग जन्मभर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघ, ऐकलंस म्हणून वाचलीस.

तिने दांडी फडक्यासकट त्या माणसाच्या हातात परत दिली. "कुंगला सांग, डोळा गेला तर आंधळी होईन. पण आंधळीचासुद्धा शिक्का मिळायचा नाही."

मग ती रुग्णालयाकडे निघाली, पेंग मागे मागे.

नीने पिवळा रंग लावला आणि उजेडाची पट्टी टाकली. मग ती बाजूला झाली आणि तिने जागा गुरूंना दिली. योउ वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"टाचणीच्या टोकाएवढं हिरवं उरलंय," ते म्हणाले. "भरत आलंय. डाग राहील थोडा. काचेवर वाफ धरावी तसा. बारीक काम करता येईल की नाही, ते दोन महिन्यांनी कळेल. आत्ता सांगत नाही."

शुआंगमेईने मान हलवली. खरं वजन होतं ते, तिला चाललं. पेंग भिंतीला टेकून खाली बसला आणि बाहीने तोंड पुसू लागला.

"औषध हेच चालू राहू दे," योउ नीकडे न बघता म्हणाले. मग सवयीने त्यांचा हात 'वर्ज्य' लिहिण्यासाठी कागदाकडे गेला.

"रागाचं काय लिहिता?" शुआंगमेईने विचारलं. "आधीच सांगते, मी इथून थेट केंद्रावर जाणार. आज साठ नाही, शंभर माणसं असतील. त्यांच्यासमोर ते वजन मी करवतीने कापायला लावणार आहे. आत शिसं भरलंय."

योउंनी लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा तिचं मनगट घेतलं.

"अजून बारीक आहे," ते म्हणाले. "पण वर आलीय. भांडण सोसेल."

नीने कापसाची गुंडाळी काढली. "पट्टी बांधून देते, काकू. तिथे धूळ असते."

"बांध," शुआंगमेई म्हणाली. "कुंगला बघायला मला उजवा पुरे आहे."